सातवी खूण

"झेंडा गेला!" कमांडर लेंबेसिस दारातच ओरडले. "बारा वाजता संग्रहालयवाले तो न्यायला येणार, आणि पेटीत झेंडाच नाही!"

त्यांची तार मिळताच देस्पिना कारावेला सकाळच्या बोटीने पिरेउस बंदरातून स्पेत्सेस बेटावर आली होती. खाजगी तपास हा तिचा धंदा. सोबत थोरल्या बहिणीचा नवरा लेफ्तेरिस, निवृत्त हवालदार. माणूस लाखातला, पण डोकं जरा सावकाश चालायचं. मघाशी धक्क्यावर जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्याची बोथट लाकडी सुई हातात घेऊन, "हिने लोणीसुद्धा टोचायचं नाही," असा शोध त्याने लावला होता.

झेंडा काळा होता. युद्धात लेंबेसिसांची पाणबुडी मोहिमेवरून परतली की तो चढायचा. त्यावर खलाशांनी पांढऱ्या कापडाच्या खुणा शिवल्या होत्या. चार पट्टे म्हणजे बुडवलेली चार जहाजं. दोन खंजीर म्हणजे शत्रूच्या किनाऱ्यावर दोनदा गुपचूप उतरवलेली माणसं.

"आणि वर हा पत्रकार व्रानास!" कमांडरांनी वर्तमानपत्र आपटलं. "लिहितो, त्यातले दोन पट्टे थापा आहेत म्हणून. आज झेंडा दिसला नाही तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने लाजेपोटी जाळला. माझ्या चाळीस पोरांची अब्रू आहे ती, बाई!" एवढा धिप्पाड माणूस, पण डोळे पुसायला लागला.

पेटीची किल्ली संत निकोलासच्या तसबिरीमागे होती. पेटीत सोन्याचं पदक जागच्या जागी होतं.

"चोर अगदीच येडा," लेफ्तेरिस म्हणाला. "सोनं सोडून फडकं नेलं."

"येडा कसला, भाऊजी? त्याला हवं तेवढंच नेलंन," देस्पिना म्हणाली.

स्वयंपाकघरात मारिगोबाई फणकारून बसल्या होत्या. वीस वर्षं त्या हे घर सांभाळत होत्या.

"किल्ली कुठे असते ते अख्ख्या बेटाला ठाऊक आहे! काल दुपारी साहेब दाढीला गेलेले, माझा डोळा लागलेला. माझ्यावर संशय घ्याल तर याद राखा! आणि आधी हा दोरा ओवून द्या. सकाळपासून सुईचं भोक दिसेल तर शपथ."

देस्पिनाने दोरा ओवला. "साहेब झेंड्याबद्दल काही बोलतात?"

"जागेपणी नाही. दुपारी डुलकी लागली की मोजतात. चार, दोन, आणि एक न लावलेली. कसली हो एक, असं विचारलं की घर डोक्यावर घेतात."

व्रानास खाणावळीच्या गच्चीत तळलेले मासे खात होता, पण चेहरा सुतकी.

"मी चोरला? अहो, मला तो समोर हवा होता! फोटो काढायचा, खुणा मोजायच्या, म्हाताऱ्याची फजिती छापायची. झेंडाच नाही तर माझा लेख बोंबलला की!"

तिसरा संशयित थोदोरिस. पाणबुडीवर तो टॉर्पेडो भरायचा. आता बंदरावर त्याचं कॉफीचं दुकान होतं. आज स्वारी नवा सदरा घालून शीळ वाजवत होती.

"एवढा थाट कुणासाठी, थोदोरिसकाका?"

"बाराच्या बोटीने पाहुणी येतेय. एव्हिया बेटावरची."

त्याने कॉफी ठेवली. बोटांची टोकं टोचून टोचून लाल झाली होती.

"हे काय केलंत?"

"काल संध्याकाळी जाळं विणत होतो. टोचलं."

लेफ्तेरिस कोपर टेकायला गेला आणि राखदाणी सरकली. खाली पांढऱ्या टेबलपोसाचा कोपराच नव्हता, सरळ कापलेला. देस्पिनाने राखदाणी हळूच परत जागेवर ठेवली आणि कॉफीची तारीफ केली.

बाराच्या ठोक्याला बोट लागली. संग्रहालयाचे अधिकारी उतरले. धक्क्यावर सारा गाव जमलेला. कमांडर पांढरेफटक पडले होते.

"चोर सापडला," देस्पिना म्हणाली. "व्रानासना झेंडा सगळ्यांसमोर हवा होता, ते लपवणार कशाला? चोराला झेंड्याचं काही बिघडवायचं नव्हतं, त्यात भर घालायची होती. आजपासून तो काचेआड जाणार, मग एक टाकासुद्धा घालता येणार नाही. म्हणून कालच नेला. मारिगोबाईंना तर दोरा ओवता येत नाही. उरला तो, ज्याची बोटं टोचलीत आणि ज्याच्या टेबलपोसाचा कोपरा कापलाय."

"पण तो जाळं विणत होता ना!" लेफ्तेरिस म्हणाला.

"लोणी न टोचणाऱ्या सुईने, भाऊजी?"

लेफ्तेरिसने कपाळावर हात मारला.

"साहेब झोपेत एक न लावलेली खूण मोजतात," ती पुढे म्हणाली. "ती कसली, ते थोदोरिसकाका सांगतील."

थोदोरिसने दुकानावरची दोरी ओढली. झेंडा वर चढला. चार पट्टे, दोन खंजीर आणि खाली वाकडंतिकडं काहीतरी.

"होडी?" लेफ्तेरिसने विचारलं.

"पाळणा आहे, आंधळ्या!" थोदोरिस भडकला. मग टोपी काढून बोलू लागला. "त्रेचाळीस साल. एव्हियाजवळ निर्वासितांची होडी बुडत होती. हुकूम होता, पहाऱ्याची जागा सोडायची नाही. साहेबांनी सोडली. अकरा माणसं आत घेतली. त्यातली एक बाई टॉर्पेडोंच्या मधे बाळंत झाली. पोर निळं पडलेलं, पाद्री नाही. साहेबांनी आपल्या रिवाजाप्रमाणे ते तीनदा हवेत उचललं, बाप्तिस्मा दिला, स्वतःचं नाव ठेवलं. तिसऱ्या खेपेला असं रडलं म्हणता!"

"मी हुकूम दिला होता," कमांडर गरजले, "ही खूण लावायची नाही! जागा सोडल्याचं कळलं असतं तर तुम्हा सगळ्यांवर खटला झाला असता!"

"सतरा वर्षं पाळला की हुकूम, साहेब!"

बोटीतून उतरलेली एक उंच मुलगी गर्दीतून पुढे आली. हातात बदामाच्या वड्यांचा डबा होता.

"मी आनार्गिरी," ती म्हणाली. "आई सांगायची, तुला धर्मबाप आहे, पण त्याचं नाव कुठे घ्यायचं नाही. आता घेऊ का?"

कमांडर आनार्गिरोस लेंबेसिसांनी मान हलवली. त्यांनी पोरीला मिठीत घेतलं. मारिगोबाई रुमालाआड हुंदके देऊ लागल्या.

"आणि चारही जहाजं नौदलाच्या यादीत आहेत, व्रानास," अधिकाऱ्यांनी कागद दाखवला. "लिहिण्याआधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं." मग ते कमांडरांकडे वळले. "सातवी खूण कसली म्हणून लिहू? जुन्या हुकमाचं आता कुणी काही विचारणार नाही."

कमांडरांनी पोरीचा हात सोडला नाही.

"लिहा, चार बुडवली, दोनदा माणसं उतरवली, आणि एक उचलली. आणि थोदोरिस! हुकूम मोडलास. शिक्षा म्हणून सगळ्या गावाला कॉफी पाज!"

"ती सकाळपासून उकळतेय, साहेब!"