एकेक तांब्या

"अहो... पाय! पाय उचला!"

हेब्बाळच्या आमच्या गच्चीवरची खोली बघायला आलेला गिरीराज बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय माझ्या नातीच्या, सिद्धीच्या, कुंडीवर पडता पडता राहिला होता.

"किती वेळ असं उभं राहू?"

"मी सरी म्हणेपर्यंत," सिद्धी इथल्या कानडी 'ठीक'च्या ठसक्यात म्हणाली आणि हसली.

ते हसणं बघितलं आणि खोली मी त्यालाच दिली. डोळे आहेत मला.

सिद्धीनं माझं पितळी घंगाळ, जुनी किटली, आईची लोखंडी कढई, सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडून घेतलेली. माझ्या भांड्यांना! त्यांत वाळू-खडी भरून जाड पानांची नाजूक रोपं लावायची आणि गच्चीच्या कठड्याशी रुखवतासारखी मांडायची. पाणी जास्त झालं की ती कुजतात म्हणे. म्हणून आभाळ भरलं की दोघं धावायची, घंगाळ धरून पत्र्याखाली न्यायची... बोटांना बोटं लागायची. घंगाळ काही एवढं जड नाही हो. मी एकटी उचलायची.

मग सिद्धी मैत्रिणीच्या लग्नाला बेळगावला गेली. जाताना त्याला म्हणाली, "तुळशीला पाणी घाला हं."

गिरीराज निपाणीचा. त्यांच्याकडे तुळशीला पाणी घालून बाकीच्या झाडांना तहानलेलं ठेवत नाहीत. अंघोळ करून, ओल्या केसांनी, त्यानं रोज प्रत्येक रोपाला एकेक तांब्या घातला. पत्र्याखालच्यांनासुद्धा! माझे गुडघे धरलेले, मी वर चढलेच नाही.

सिद्धी परत आली तेव्हा रोपं लिबलिबीत होऊन आडवी पडलेली. ती बोलली नाही. तोही नाही. जिन्यात गाठ पडली की दोघंही भिंतीकडे बघायची. भिंतीवर काय होतं, देव जाणे! पोरीचं जेवण तुटलं, माझी झोप गेली.

महिनाअखेर तो दारात उभा. पाठीला बॅग, हातात पेपरानं झाकलेलं ताट.

"आज्जी, खोली सोडतो."

"रोपं मारलीत, आता पळताय?"

त्यानं मान खाली घातली. ताट माझ्यामागं आलेल्या सिद्धीपुढं धरलं. "गळालेली पानं... चांगली होती तेवढी वेचली होती. टाकवेनात मला."

सिद्धीनं पेपर उचलला. प्रत्येक पानाच्या बुडाशी गुलाबी मुळं, आणि बाजरीच्या दाण्याएवढं हिरवं रोप!

"पाणी किती घातलंत?"

"एक थेंब नाही. हिंमतच झाली नाही."

"म्हणून जगली!" ती हसली, डोळे पुसत.

"म्हणजे... राग गेला?"

"रोपांचा केव्हाच गेला. तुम्ही बोलणं टाकलंत, त्याचा आहे."

"मला वाटलं, माझं तोंडही नको असेल तुम्हाला."

"रोज हवंय—" म्हणाली, आणि मी तिथंच आहे हे आठवून जीभ चावली.

"बॅग उतरवा ती," मी म्हटलं. "पाठ तुमची, पण ओझं मला होतंय."

महिनाभरात पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला.

आता रोज सकाळी तो तुळशीला पाणी घालतो आणि तांब्यात उरलेलं घेऊन कुंड्यांकडे बघत राहतो.

"स्वल्प मागं सरका," सिद्धी म्हणते.

तो मुकाट्यानं ते पाणी स्वतःच पितो. इतका ऐकणारा पुरुष आमच्या घरात पहिलाच येतोय.