टिटवीचा हात, बाबांचा डोळा

कृत्तिकाच्या बाबांचा उजवा डोळा दुखत होता, आणि त्या डोळ्याला काहीही झालेले नव्हते.

रोज दुपारी तीनच्या सुमारास, भुवईच्या जरासे वर, कोणीतरी आतून अंगठा दाबून धरावा तसे दुखणे सुरू होई आणि झोपेपर्यंत राही. असे अकरा महिने चालले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चार चष्मे बदलून दिले. मेंदूची चित्रे काढून झाली, दात तपासून झाले, कपाळाच्या हाडातल्या पोकळ्याही पाहून झाल्या. सगळे स्वच्छ होते. चारही चष्मे फडताळात ओळीने पडून होते.

बाबा, म्हणजे निनाद थोरात, कराडजवळच्या माळावरच्या चांद्रचालन केंद्रात काम करत. तिथे तीस माणसे डोक्यावर दोन किलोचे टोप चढवून खुर्चीत बसत आणि चंद्रावरची खोदयंत्रे चालवत. आपण मान वळवली की चंद्रावरच्या यंत्राचा कॅमेरा वळे. पण लगेच नाही. आपली आज्ञा तिथवर पोचायला सव्वा सेकंद लागे आणि तिथले चित्र परत यायला आणखी सव्वा. ही अडीच सेकंदे मान पुढे काढून, जराही न हलवता, वाट पाहायची. दिवसातून दोन हजार वेळा.

त्या शनिवारी दुपारी सव्वातीनला, चहाच्या सुट्टीत घरी आलेले बाबा कप कपाळाला लावून बसले होते.

"आज बंडातात्यांकडून मान मोडून घेतो," ते म्हणाले. "सगळे घेतात. मीच एकटा भित्रा राहिलोय. दोन दिवस तरी बरं वाटेल."

समोर बसलेल्या आजोबांनी कप खाली ठेवला. ते काहीतरी बोलतील असे कृत्तिकाला वाटले. पण आजोबांनी घसा खाकरला, "हं" म्हटले आणि पुस्तकात मान घातली. बाबा कामावर परत गेले.

बंडातात्या केंद्राचे उपाहारगृह चालवत. त्यांचे वडील गावात न्हावी होते, आणि दाढी-कटिंग झाल्यावर गिऱ्हाइकाची मान मोडून देण्याचे कसब तात्यांनी त्यांच्याकडूनच उचलले होते. दर शनिवारी पाच वाजता काम सुटले की उपाहारगृहाबाहेर रांग लागे. स्टुलावर बसायचे, "सैल सोड" म्हटले की सैल सोडायचे. एक हात हनुवटीला, एक डोक्याला, आणि गपकन झटका. कट्! ज्याची मान सगळ्यांत मोठ्याने वाजेल त्याला गुळाच्या चहाचा पहिला पेला, अशी तिथली रीत होती.

"आजोबा," कृत्तिका म्हणाली, "तुमचं पुस्तक उलटं आहे."

आजोबांनी ते सुलटे केले. त्यांनी चाळीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली होती, तरी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत त्यांचा आवाज कधी पोचला नाही, असे बाबा सांगत.

"काय झालं ते सांगा ना."

"काही नाही. म्हणजे, मला खात्री नाही. उगाच कोणाला घाबरवायचं…"

"अहो सर, बोला की एकदा!" कपाटावरून आवाज आला. "की पेन्शनीतले शब्द वाचवताय?"

हा मुंडोबा. महाविद्यालयाने भंगारात काढलेला शिकवणीचा यंत्रमानव. त्याला फक्त डोके आणि मान होती. विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव त्याला चिकटले होते. आजोबांनी त्याला घरी आणले, कारण भंगारवाला त्याला पोत्यात घालत असताना तो रडवेल्या आवाजात मेंदूचे भाग म्हणून दाखवत होता.

"सांगायला जमत नसेल तर दाखवा तरी," मुंडोबा म्हणाला.

आजोबांनी त्याला खाली घेतले आणि त्याची मागची झडप उघडली. आत पारदर्शक मणके (मानेच्या हाडांचे एकावर एक रचलेले तुकडे) होते आणि त्यांतून रंगीत तारा निघाल्या होत्या.

"या तारा म्हणजे चेता," आजोबा हळूच म्हणाले. "चेता म्हणजे शरीराची बातमी मेंदूकडे नेणारे धागे. बरं, याच्या भुवईवर दाब."

कृत्तिकाने दाबले. मुंडोबाच्या कपाळावर लाल दिवा लागला. "आई गं," तो कोरडेपणाने म्हणाला.

"आता मानेत, वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या सांध्यावर."

तिने मानेत बोट दाबले. मानेत दिवा लागला नाही. दिवा पुन्हा कपाळावरच लागला, भुवईच्या वर.

"बिघडलाय हा," कृत्तिका म्हणाली.

"बिघडलेला तुझा अभ्यास," मुंडोबा म्हणाला. "मी बरोबर चुकतोय. तुमचा सगळ्यांचा मेंदू अशीच चूक करतो."

आजोबांनी एक निळी आणि एक पिवळी तार बोटाने दाखवली. निळी चेहऱ्याकडून येत होती, पिवळी मानेच्या वरच्या मणक्यांकडून. दोन्ही खाली उतरून एका छोट्या गाठीत शिरत होत्या, आणि गाठीतून वर मेंदूकडे एकच तार जात होती.

"ही गाठ मज्जारज्जूच्या (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या जाड दोरीच्या) अगदी वरच्या टोकाशी असते," आजोबा म्हणाले. आता त्यांचा आवाज थोडा स्थिर झाला होता. "कपाळाची आणि मानेची बातमी इथे एकत्र होते. पुढे मेंदूला फक्त कळतं की दुखतंय. कुठून, ते त्याला नीट कळत नाही. मग तो अंदाज करतो, आणि कपाळाचा पत्ता लिहून मोकळा होतो."

कृत्तिकाला टिटवी आठवली.

टिटवी हे बाबांचे खोदयंत्र. मागच्या वर्षी ते सारखे कळवत होते, 'हात तापला आहे.' बाबांनी अकरा दिवस त्याचा हात सावलीत ठेवून थंड केला. तापले होते ते चाक. चाकाची आणि हाताची बातमी एकाच तारेने येत होती. कळले तोवर चाक जळून गेले होते. टिटवी अजून चंद्रावर तिथेच एका खड्ड्यात उभी आहे. ती आता कधीच हलणार नाही.

"म्हणजे बाबांचा डोळा म्हणजे टिटवीचा हात," ती म्हणाली.

"बहुतेक. तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही."

"आणि आईचं? तिचं डोकं दुखतं तेव्हा तिला उजेड सोसत नाही, उलट्या होतात."

"ती अर्धशिशी. ती मेंदूतच सुरू होते. गंमत म्हणजे, गाठ तीच असल्यामुळे अर्धशिशीत कधी कधी मानसुद्धा दुखते. तिथे चूक उलट्या दिशेने होते. मान कितीही चोळली तरी अर्धशिशीचं मूळ काही तिथे नसतं. तिचे उपचार वेगळे."

"पण बाबांचं मूळ मानेत असेल, तर मान मोडून घेतली की बरं वाटेल ना?"

आजोबा झडप मिटू लागले. मुंडोबा म्हणाला, "सर, माझी लाल नळी दाखवा तिला."

मणक्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक भोके होती, आणि त्या भोकांतून ओवल्यासारखी एकेक लाल नळी वर गेली होती.

"मणक्यांतून जाणारी धमनी (हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी वाहिनी)," आजोबा म्हणाले. "मान गपकन पिळली तर क्वचित हिचं आतलं अस्तर फाटतं. लगेच काही होत नाही. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. चार दिवसांनी, आठ दिवसांनी ती सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. मेंदूचा तेवढा भाग मरतो. हजारोंना काही होत नाही. म्हणूनच कोणाला शंका येत नाही."

"ओंकारकाका," कृत्तिका म्हणाली.

ओंकारकाका बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत. सात महिन्यांपूर्वी एका बुधवारी टोप काढता काढता ते खाली कोसळले. तेव्हापासून अंथरुणावर होते. उजवी बाजू हलत नव्हती आणि तोंडातून शब्द येत नव्हता.

"त्याच्या आदल्या शनिवारी त्याची मान सगळ्यांत मोठ्याने वाजली होती," आजोबा म्हणाले. "त्याच्या बायकोने, पल्लवीने मला तपासणीचा कागद दाखवला. धमनी फाटल्याचं त्यात लिहिलं होतं. तिने विचारलं, काका, हे कशामुळे झालं? मी म्हणालो, सांगता येत नाही." ते थांबले. "खात्री नव्हती गं. आणि बंडू भला माणूस आहे."

घड्याळात साडेचार वाजून गेले होते. कृत्तिकाने बाबांना फोन लावला. टोप चढवला की फोन खणात ठेवत. तो तिथेच वाजत राहिला.

"आजोबा, सायकल काढा."

बॅटरीच्या सायकलवर आजोबा, मागे कृत्तिका आणि पुढच्या टोपलीत मुंडोबा. माळावरून वारा समोरून येत होता. "मला टॉवेल तरी गुंडाळा, तोंडात चिलटं जातायत," असे मुंडोबा ओरडत होता, पण कोणी हसले नाही.

ते पोचले तेव्हा बाबा स्टुलावर बसले होते. बंडातात्यांचा एक हात त्यांच्या हनुवटीला होता.

"सैल सोड रं," तात्या म्हणाले. "लग्नातल्या नवऱ्यागत ताठू नगंस."

रांगेतली माणसे हसली. आजोबा टोपलीपाशी उभे होते. त्यांनी तोंड उघडले.

"बंडू, हात काढ."

कोणालाच ऐकू गेले नाही. तात्यांनी दुसरा हात डोक्यावर ठेवला.

"बंडू, हात काढ!"

असा आवाज आजोबांचा असू शकतो हे कृत्तिकालाही ठाऊक नव्हते. तात्यांनी दचकून हात काढला.

"आप्पा, लोकांसमोर काय हे?" बाबा उठले. त्यांचा चेहरा दुखण्याने आखडला होता. "डोकं फुटायची वेळ आलीय माझी."

"बाबा," कृत्तिका म्हणाली, "टिटवीचं काय तापलं होतं?"

"हे आत्ता कुठे काढलंस?"

"सांग ना. हात तापला होता की चाक?"

बाबांचा हात आपोआप भुवईवरून मानेमागे गेला.

"चाक," ते म्हणाले.

मग आजोबांनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. गाठ, लाल नळी, तो कागद. अडखळत सांगितले, पण सांगितले. ओंकारचे नाव आले तेव्हा रांग मोडली. माणसे नकळत एकेक पाऊल मागे सरली.

"आप्पा, तुम्हाला हे माहीत होतं?" बाबांनी विचारले.

"शंका होती."

"सात महिने?"

"हो."

बंडातात्या स्वतःच्या हातांकडे बघत होते. "मी रोज त्याला डबा नेतोय, मास्तर," ते म्हणाले. "रोज. घास भरवतोय ह्याच हातानं. अन् तुमी मला…"

"मला खात्री नव्हती, बंडू. आजही नाही. पण खात्री नाही एवढं सांगायलाही तोंड उघडावं लागतं. ते मी उघडलं नाही. माझं भय तुझ्या अज्ञानापेक्षा वाईट."

त्या दिवशी गुळाचा चहा कोणीच घेतला नाही. पातेल्यात त्याच्यावर साय धरली.

सोमवारी बाबांना मानेच्या उपचारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी आधी धमन्या तपासल्या. मग मानेतला तो सांधा बोटाने अगदी सावकाश दाबला, आणि बाबा ओरडले, "हाच! हाच डोळा!" बाईंनी त्या सांध्याच्या चेतेला बधिर करणारे इंजेक्शन दिले. अर्ध्या तासात भुवईवरचा अंगठा उठला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. बाबा पालथ्या मुठीने डोळे पुसत होते.

पुढे दहा आठवडे बाईंनी सांधा हळूहळू मोकळा केला, झटका न देता, आणि मानेच्या खोल स्नायूंना व्यायाम शिकवले. दुखणे पार गेले नाही. रोजचे होते ते आठवड्यातून एकदा झाले. टोपाची खुर्ची मात्र बाबांना सोडावी लागली. आता ते दुरुस्तीच्या खोलीत बसतात. तिथून चंद्र दिसत नाही. केंद्राने टोप एका किलोवर आणायचे ठरवले आहे. तोवर दर तासाला घंटा होते आणि माणसे टोप उतरवून मान सावकाश हलवतात. बंडातात्या तेव्हा दारात उभे असतात, हात पाठीमागे बांधून.

आजोबा पल्लवीकाकूंकडे त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी गेले होते. कृत्तिका बरोबर होती. काकूंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतंत, तर काही बदललं असतं का?"

"ओंकारचं नाही," आजोबा म्हणाले. "पण त्यानंतर अठ्ठावीस शनिवार गेले. एकेका शनिवारी रांगेत पंधरा-वीस माणसं. त्यांचं काही झालं नाही, हे केवळ नशीब."

काकूंनी त्यांना चहा विचारला नाही. पण पुन्हा येऊ नका, असेही म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून आजोबा रोज जातात. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, हे त्यांनी कृत्तिकाला सांगितले आहे. पण शेजारचे भाग त्याचे काम थोडे थोडे शिकू शकतात. मुंडोबा ओंकारकाकांना ओठ कसे हलवायचे ते दाखवतो. "आ करा. एवढा मोठा नको, मला गिळायचं नाहीये."

परवा आजोबांबरोबर बाबा आणि कृत्तिकाही गेले होते. तिने विचारले, "काका, मी कोण?"

काकांचे डोळे तिच्यावर होते. ओठ हलले नाहीत. काकू पुढे होऊन उत्तर देणार होत्या, पण बाबांनी त्यांना हाताने थांबवले.

"थांबा, वहिनी," ते म्हणाले. "आम्हाला सवय आहे."

मग ते सगळे, मान न हलवता, वाट पाहत बसले. अडीच सेकंदे गेली. दहा गेली. एक मिनिट गेले. दारात बंडातात्या डबा छातीशी धरून उभे होते.

"कृ," ओंकारकाका म्हणाले.