रविवारी येऊ नका

वैजयंती माझी मामेबहीण. खोटं बोलणाऱ्यांतली नाही. तिनं रडत रडत जे सांगितलं, तेच सांगतेय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातलं तिचं किचन.

तिची मुलगी तनू ऑक्सफर्डला पहिल्या वर्षाला होती. रविवारी सगळे तिच्याकडे जाणार होते. सासरे मुरलीधरराव खास नागपूरहून आले होते, नातीचं कॉलेज बघायला. वैजयंती कागदावर बेत मांडत होती. दहाला निघायचं, तनूच्या खोलीवर चहा, मग नदीकाठी फेरफटका...

तेवढ्यात तनूचाच फोन आला. वैजयंतीनं तो स्पीकरवर टाकला.

"आई, या रविवारी येऊ नका. माझा बराच अभ्यास राहिला आहे. आजोबांना उगाच दगदग नको. पुढच्या महिन्यात सावकाश या."

"अगं, पण आजोबा..."

"येऊ नका."

फोन बंद.

सासरे कौतुकानं हसले. "वैजू, पोरीचं मराठी काय सुधारलंय गं!"

वैजयंतीच्या हातातलं पेन थांबलं.

तनूचा जन्म इंग्लंडमधलाच. 'माझा खोली', 'आजोबा आली'... असंच बोलायची ती. इतकं स्वच्छ मराठी ती जन्मात बोलली नव्हती.

आवाज तनूचाच होता.

पण बोलणारी...?

तिनं उलट फोन लावला. स्विच्ड ऑफ. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मेसेज पाठवले. एकही पोचेना.

"मोहन, गाडी काढ."

"अगं, आत्ताच तर बोलली ना ती!" नवरा म्हणाला.

"ती नव्हती! पाया पडते तुझ्या, गाडी काढ!"

सासरे घरीच थांबले. तासाभराचा रस्ता. वैजयंती एकसारखी फोन लावत होती. एकदाही रिंग गेली नाही.

कॉलेजच्या गेटवरचा पोर्टर, म्हणजे तिथला रखवालदार, सोबत वर आला. जिना चढून तिघे तनूच्या दाराशी पोचले. वैजयंतीनं दार वाजवलं.

"तनू! ए तनू!"

आतून शांत आवाज आला...

"आले हं."

पावलं वाजली. हळूहळू दारापर्यंत आली...

आणि थांबली.

दार उघडलं नाही.

"ती येतेय," पोर्टर इंग्रजीत म्हणाला. त्यानंही ऐकलं होतं.

एक मिनिट गेलं. दोन. वैजयंती दोन्ही हातांनी दार बडवू लागली. शेवटी पोर्टरनं आपल्या चावीनं कुलूप उघडलं.

दारामागे कुणीच नव्हतं.

तनू पलीकडे, पलंग आणि भिंतीच्या मधे पडली होती. अंग तापानं फणफणलेलं. शुद्ध नाही. ओठ कोरडे पडून फाटलेले. फोन उशीखाली... बॅटरी संपून बंद पडलेला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे. ही किमान बुधवारपासून बेशुद्ध असणार. आणखी एक दिवस गेला असता, तर हाती लागली नसती.

मोहननं वैजयंतीचा फोन तपासला. गुरुवार, सहा एकतीस. तनूच्या नंबरवरून आलेला कॉल. नोंद स्पष्ट होती.

चौथ्या दिवशी तनूनं डोळे उघडले. आईचा हात घट्ट धरला.

"आई, तू आला? ती बाई म्हणाली, 'तुझा आई येत नाही. मी सांगितलाय तिला, येऊ नका.'"

"कोण बाई, बाळा?"

तनूची नजर वैजयंतीच्या खांद्यावरून मागे गेली. ती बाई कशी दिसत होती, ते सांगायला तिनं तोंड उघडलं...

वैजयंतीनं तिच्या ओठांवर हात ठेवला.

तनू आता ठणठणीत आहे. कॉलेज बदललं नाही, खोली तेवढी बदलून घेतली. पण ती बाई कशी होती, हे वैजयंतीनं तिला आजतागायत विचारलेलं नाही.

मलाही विचारू देत नाही.