सकाळची गुड नाईट

ही हकीकत मी वर्ना हॉस्टेटलरच्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर बसून ऐकली आहे. वर्नाला खोटं बोलता येत नाही. केक करपला तरी पाहुणा दारात असतानाच सांगून टाकते. तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं... फक्त आमच्या एलरी गावात यावं, चिनाबेरी लेनवर उजाडताना उभं राहावं, आणि मग हसून दाखवावं.

सुरुवात झाली थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी. पहाटे.

वर्ना आणि तिचा नवरा क्लाइड उत्तरेतल्या टोलेडोहून आले होते. क्लाइडची सगळी नोकरी काचेच्या कारखान्यात गेली, आणि कारखान्यातली धूळ त्याच्या छातीत राहिली. डॉक्टर म्हणाले, उत्तरेतली थंडी आता याला झेपायची नाही. मग वर्नानंच दक्षिणेतलं आमचं एलरी शोधलं. हिवाळा सौम्य, घरं स्वस्त, आणि गावभर घोडे. लहानपणापासून तिला घोडा हवा होता.

"घोडा काही आता जमायचा नाही," क्लाइड म्हणाला, "पण लीद रोज बघायला मिळेल तुला. तीही दारात."

खरंच मिळायची. आमच्याकडे निम्मे रस्ते अजून वाळूचे आहेत, घोड्यांच्या खुरांसाठी मुद्दाम ठेवलेले. घोडेस्वारांच्या शिकारीच्या दिवशी गाड्या आपापल्या जागी थांबतात. कोणी हॉर्न वाजवत नाही. वाजवलाच, तर तो बाहेरचा.

चिनाबेरी लेनवरचं ते घर फारच स्वस्तात मिळालं. वर्नाला जरा नवल वाटलं, पण सुखासुखी मिळालेल्या गोष्टीत खोट कोण काढत बसतो?

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली.

शेजारची मिस युजीनिया (आमच्याकडे वयस्क बाईला लग्नानंतरही मानानं मिस म्हणतात), विधवा. समोरची मिसेस पिंकनी, विधवा. कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी, त्याही विधवा.

"वा!" क्लाइड म्हणाला. "म्हणजे सगळ्या गल्लीत मीच एक कोंबडा."

"गप रे, मेल्या," वर्ना म्हणाली.

त्या बुधवारी पहाटे वर्ना कॉफी ठेवायला उठली होती. रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबला होता. तिला बाहेर खोगिराचं चामडं करकरल्याचा आवाज आला. मग लगामाची कडी वाजली. खूर... सावकाश... ओल्या वाळूवर.

आणि फाटकापाशी थांबले.

तिनं कान दिला. घोडा पुढे गेला नाही. मागेही फिरला नाही.

ती चप्पल सरकवून बाहेर गेली. रस्ता रिकामा होता. पावसानं वाळू पाटीसारखी कोरी करून ठेवली होती.

एकही खूर उमटला नव्हता.

तिनं क्लाइडला काही सांगितलं नाही. पण दोन-तीन दिवसांनी तोच म्हणाला, "आज पोर्चवर बसलो होतो, तर एक बाई आली घोड्यावरून. काळा कोट, टोपीला जाळी. अशी ताठ बसली होती की मीच सावरून बसलो."

"कोण होती?"

"काय माहीत. पण मला नावानं हाक मारली. क्लाइड, म्हणाली. मी म्हटलं, गुड मॉर्निंग, मॅडम."

"मग?"

"मग काही नाही. तिथंच उभी राहिली. जसं काही मी अजून काहीतरी बोलायचा आहे." त्यानं रस्त्याकडे पाहिलं. "वर्ना... काल पाऊस नव्हता ना गं?"

"नाही."

"तिच्या घोडीच्या पोटाखालून पाणी गळत होतं. धारा लागल्या होत्या."



त्याच दुपारी वर्ना मिस युजीनियाकडे गेली. मिस युजीनिया ऐंशीच्या पुढची, पण जीभ तिशीतली. स्वयंपाकघरात अक्रोडासारखे पेकन फोडत बसली होती. वर्नानं सगळं सांगितलं, तसा म्हातारीचा हात अडकित्त्यावरच थांबला.

"तो काय म्हणाला तिला? नीट आठव, पोरी."

"गुड मॉर्निंग म्हणाला."

"अजून काही?"

"नाही, मिस युजीनिया. का हो?"

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. "देव पावला! तिला गुड नाईट म्हणू देऊ नकोस त्याला. काही झालं तरी नाही."

"सकाळी कोण गुड नाईट म्हणतं?"

"आम्ही म्हणतो." मिस युजीनियानं हात पुसले. "शिकारीला गेलं आणि मधेच घरी परतायचं असलं, तर मास्टरजवळ, म्हणजे शिकार चालवणाऱ्या बाईजवळ, जायचं आणि गुड नाईट म्हणायचं. दहा वाजलेले असोत, ऊन डोक्यावर असो. गुड नाईटच. मास्टर म्हणते, गुड नाईट, आलात, बरं वाटलं. की माणूस सुटला. त्याला मग कोणी शोधत बसत नाही."

"आणि न सांगता गेला तर?"

"तर मास्टर शोधत राहते. ते तिचं कर्तव्य." म्हातारीचा आवाज खाली आला. "माझ्या लहानपणी मिस लेटिशिया गेज मास्टर होती. ह्याच गल्लीतला एकजण न सांगता घरी आला. आंघोळ करून जेवायलाही बसला. आणि मिस लेटिशिया त्याला हाका मारत दलदलीत शिरली. थंडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी सापडली... घोडीसकट बुडालेली."



"तेव्हापासून ह्या गल्लीत येते. थकल्याभागल्या माणसाच्या दाराशी थांबते. तो गुड नाईट म्हणाला की त्याला ह्या जन्मातून सोडवते. माझा नवरा हॅरल्ड गंमत म्हणून म्हणाला. हसत होता गं, शेवटपर्यंत हसत होता."

आता कोणी म्हणेल, एवढंच ना? नाही म्हणायचा तो शब्द. त्यात काय मोठंसं!

पण वर्ना तोवर खुर्चीवरून उठली होती. कारण क्लाइडनं जन्मभर रात्रपाळी केली होती. सकाळी घरी यायचा, अंडी खायचा, पडदे ओढायचा आणि म्हणायचा, "गुड नाईट, वर्ना." तीही म्हणायची, "गुड नाईट, क्लाइड." मग ती कामाला आणि तो झोपायला. असाच सगळा संसार झाला. निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. छातीमुळे तो रात्र रात्र बसून काढायचा, उजाडताना डोळा लागायचा, आणि झोपण्याआधी तेच दोन शब्द.

मागच्या खोलीत, दार लावून म्हणत होता, म्हणून निभावलं होतं.

ती धावतच घरी आली. क्लाइड ऐकून इतका हसला की खोकल्याची उबळ आली.

"मग काय म्हणू? शुभ शनिवार?"

"काहीही म्हण. झोप नुसता. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं हसणं आवरलं. "बरं बाई. तू म्हणतेस तर तसं."

नाताळ गेला. क्लाइडची तब्येत ढासळत गेली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. आणि घोडी...

घोडी फाटकाच्या आत आली.

रोज उजाडताना. आधी अंगणात. मग पोर्चच्या पायरीशी. वर्ना सकाळी बघायची, तर फळ्या ओल्या असायच्या आणि त्यांना दलदलीचा वास यायचा. मग एका पहाटे मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर फुरफुर ऐकू आली. वर्नानं पडदा बाजूला केला नाही. पण उजाडल्यावर पाहिलं, तर काचेवर वाफेचा मोठा डाग होता.

बाहेरून.

"मला म्हणू दे गं," एके दिवशी क्लाइड म्हणाला. एकेका शब्दाला धाप लागत होती. "दमलोय मी."

"खबरदार!" वर्नानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मी काय करू इथे एकटी? ना माहेर, ना मूलबाळ. हे गाव मी तुझ्यासाठी निवडलंय, क्लाइड. तू जगावंस म्हणून."

त्यानं तिच्या तळहाताखालीच मान हलवली.

त्यानंतर तिचा तो नेमच झाला. बाहेर लगामाची कडी वाजली की ही क्लाइडच्या उशाशी बसायची आणि त्याच्या ओठांवर हात ठेवायची. खिडकीतून हाक यायची. एकदाच, शांतपणे. "क्लाइड?" ही हात घट्ट दाबायची. झुंजूमुंजू सरेपर्यंत.

मला हे सांगताना वर्ना आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

फेब्रुवारीतली ती सकाळ. क्लाइड सगळी रात्र तडफडला होता. श्वास आत जात होता, बाहेर यायला तयार नव्हता. नखं निळी पडली होती. बाहेर खूर आले... खिडकीशी थांबले...

"क्लाइड?"

वर्नाचा हात त्याच्या तोंडावर होता. खाली ओठ हलत होते. तो तिच्याकडे बघत होता. रागानं नाही. पाणी मागावं तसा बघत होता.

आणि वर्नानं हात काढून घेतला.

"गुड नाईट, वर्ना," तो म्हणाला. अगदी स्वच्छ. धाप नाही, खोकला नाही.

खिडकीबाहेरून बाईचा आवाज आला.

"गुड नाईट, क्लाइड. आलात, बरं वाटलं."

यंत्र घरघरत राहिलं. छाती थांबली.

वर्ना ओठ मिटून बसून होती. रडली नाही, की ओरडली नाही. घोडी जाण्याची वाट बघत राहिली. ऊन आलं तरी खूर हलल्याचा आवाज आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा आजारी होता, गेला. मीही तेच म्हटलं असतं. दफनाला मी होते. गावातले घोडेवाले टोप्या काढून रस्त्याकडेला उभे राहिले होते. सगळं रीतसर झालं. मला वाटलं, संपलं.

गेल्या आठवड्यात मी वर्नाकडे गेले. निम्मी झाली आहे बाई. खिडकीला आतून रजई ठोकली आहे.

"अजून येते?" मी विचारलं.

"येतात," ती म्हणाली.

"येतात म्हणजे?"

"दोन घोडे असतात आता. दुसऱ्यावरचा..." तिनं कप खाली ठेवला. "दुसऱ्यावरचा खोकतो."

 क्लाइड हॉस्टेटलर जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता.

"काय म्हणतो तो?"

"गुड नाईट, वर्ना, म्हणतो. आणि थांबतो." तिनं खिडकीवरच्या रजईकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत एकदाही मी त्याला उलट गुड नाईट म्हटल्याशिवाय झोपू दिलं नव्हतं गं. त्या दिवशी तेवढं राहिलं. ती बाहेर उभी होती, मला भीती वाटली. आता तो रोज वाट बघतो, आणि माझ्या अगदी ओठांवर येतं."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "उठ. पिशवी भर. आजपासून माझ्याकडे राहायचं."

वर्नानं हळूच हात सोडवून घेतला.

"तो दारात उभा असताना मी कशी येऊ?" ती म्हणाली.