फळीवरचं गाणं

दूर उत्तरेच्या बेटांवर, क्लाक्सविकच्या बंदरात, मासे खारवण्याचं एक जुनं कोठार आहे. तिथे आता बेटांवरचे जुने आवाज साठवतात. ते सांभाळणारी रन्वा शाळेतल्या मुलांना समजावून सांगायची, "घरामागच्या खोपटात वाळवलेलं मटण टांगलेलं असतं ना? पण दर घासाला वाऱ्यातून तिथे कोण जाणार? म्हणून लागेल तेवढं आपण चुलीजवळच्या फळीवर ठेवतो. या मोठ्या, संथ डिस्क म्हणजे खोपट. या दोन छोट्या, चपळ एसएसडी म्हणजे फळ्या. एकीवर लोक वारंवार मागतात ते आवाज. दुसरीवर नवा माल आधी टेकवायचा आणि सवडीने खोपटात न्यायचा."

एक गोष्ट मात्र ती मुलांना सांगत नसे. हल्ली रोज सकाळी पहिल्या फळीवर मार्यूनची गाणी आलेली असायची. गावातली ही जुनी गाणारी बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. रन्वा फळी रिकामी करायची. सकाळी गाणी परत तिथेच. कुणी ऐकल्याशिवाय काही फळीवर येत नाही, आणि ऐकणारं तर कुणीच नव्हतं.

गुरुवारी मार्यूनचा भाचा हानुस शेवटची टेप घेऊन आला. आत्यानं स्वयंपाकघरात एकटीनं गायलेलं लांबलचक गाणं त्यात होतं. शनिवारी गावाच्या फेरनाचात ते हानुसला गायचं होतं, आणि त्याला निम्मंच येत होतं.

"टेपचा लेप झडतोय," रन्वा म्हणाली. "एकदाच वाजेल."

"आत्याही एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारलं की लाटणं."

गाणं वाजलं. आत्याचा कोरडा, सरळ आवाज आणि मागे किटलीची वाफ, एवढंच. पडद्यावर आलं : लिहून झालं. पहिली फळी झिजल्याचा पिवळा दिवा लागलाच होता. ती बदलून टाकावी म्हणून रन्वा कपाटामागे गेली, 'डावी पहिली, उजवी दुसरी' ही तिथली चिठ्ठी वाचली आणि डावीकडची ओढून काढली.

चिठ्ठी कुणीतरी समोर उभं राहून लिहिली होती. मागून पाहताना डावं-उजवं उलटं होतं.

तिच्या हातात दुसरी, नव्या मालाची फळी होती. गाणं अजून खोपटात गेलं नव्हतं.

तिनं ती घाईनं परत बसवली. यंत्रानं फळी ओळखलीच नाही.

"काय झालं?" हानुसनं विचारलं.

"गाणं गेलं, हानुस. माझ्या हातून."

"पुन्हा वाजव की."

तिनं टेप उचलून दाखवली. काचेसारखी पारदर्शक पट्टी, आणि खाली तपकिरी भुकटी.

हानुसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खोपटात बघ तरी," तो म्हणाला. "आमच्या घरात हरवलेलं सगळं तिथेच सापडायचं."

तिथे काही नसणार हे रन्वाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं पाहिलं.

गाणं तिथे होतं. अख्खं. शेवटच्या कडव्यापर्यंत.

रन्वा हसायला लागली. हानुसनं डोळे पुसले. "बघ, म्हातारीनंच उचलून ठेवलं. तुझ्यावर तिचा विश्वास नव्हता."

"माझाही नाही," रन्वा म्हणाली. तिनं आधी तीन ठिकाणी नकला केल्या, मग कॉफी ओतली, रुबार्बचा केक कापला. मग दोघं निवांत गाणं ऐकत बसली.

कडवं संपलं. धृपद आलं.

धृपदाबरोबर पावलं वाजू लागली.

लाकडी जमिनीवर, फेर धरल्यासारखी, पुष्कळ पावलं. टेप वाजताना ती नव्हती. किटलीचा आवाज आता कुठेच नव्हता.

हानुस डोळे मिटून गात होता. हरवलेली कडवी त्याच्या ओठांवर आपसूक येत होती.

रन्वा पावलं ऐकत राहिली. प्रत्येक फेरीत एक ठोका रिकामा जात होता. फेरात कुणाची तरी जागा धरून ठेवावी तसा.

टेबलाखाली हानुसचं पाऊल बरोबर त्याच ठोक्यावर पडत होतं.