चौथी चिठ्ठी

दार लोटून घ्या आणि तो मोठा दिवा बंद करा. टेबलावरचा एवढा पुरे. विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी सहसा काढत नाही.

माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. घड्याळजी. माझ्या मनगटावरचं हे घड्याळ गेली बावीस वर्षं त्याच्याच हाताखालून जातंय. थापा मारणाऱ्यांतला तो नाही. घड्याळ चार मिनिटं मागे पडलं असेल तर 'चार' म्हणेल, 'पाचेक' म्हणणार नाही. त्यामुळे त्यानं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. संध्याकाळी साडेसातला घड्याळजी पाण्याच्या बाटल्या आणायला खाली उतरला. घर दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा आणि तसलं पाणी व्हिस्कीत पडलं की झालं वाटोळं, असं या मंडळींचं मत. मंडळी म्हणजे व्हिस्कीवाले. पिणारे नव्हेत बरं का. त्यांच्यासमोर नुसतं 'दारू' म्हणालात तर तोंड फिरवायचे. महिन्यातून एकदा जमायचं. ज्यानं नवी बाटली घेतली असेल त्यानं ती आणायची, कुठं मिळाली, कशी मिळाली ते तिखटमीठ लावून सांगायचं, मग प्रत्येकाला बोटभर ओतायची. बोटभरच! आणि अर्धा तास नुसता वास घेत बसायचं.

घड्याळजीची बायको त्या दिवशी बहिणीकडे राहायला जायची. "बाटलीला नाक लावून तोंडं अशी करता, जसं काही पेशंटची नाडीच सापडत नाहीये," म्हणायची. "चालू द्या तुमचं."

आधी ते चौघं होते. घड्याळजी, एक जमीन मोजणीदार, एक दातांचा डॉक्टर, ज्याला सगळे दातवालाच म्हणत, आणि शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. नाक खरं मास्तरांचं. दातवाल्याच्या हातांना कायम लवंगेच्या तेलाचा वास. मास्तर त्याला खुर्ची मागे सरकवायला लावायचे. "लांब बस रे बाबा, तुझ्यामुळे माझ्या व्हिस्कीची दाढ दुखायला लागते!"

ऑगस्टात मास्तर गेले.

ते असं झालं. मास्तर दोन वर्षं एका बाटलीच्या मागे होते. अठरा वर्षं पिंपात मुरलेली, धुरकट चवीची. जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्यानं ती शेवटी आणली. एका गुरुवारी रात्री दहाला त्यांचा घड्याळजीला फोन आला. "मिळाली रे! भाच्याकडून निघालोय. तुमच्याशिवाय फोडत नाही." सकाळी मास्तर आणि त्यांची स्कूटर गावाबाहेरच्या पुलाखाली, नाल्यात सापडली. इस्पितळात मास्तरांच्या बायकोबरोबर घड्याळजीच उभा होता. डॉक्टर त्या दोघांनाच म्हणाले, जीव पहाटे चारच्या सुमारास गेला. म्हणजे माणूस रात्रभर तिथं पडून होता. घड्याळजीनं ही गोष्ट पुढं कुणालाच सांगितली नाही. सांगवेनाच.

पण एक किडा त्याच्या डोक्यात वळवळत राहिला. बाटली कुठं गेली? पिशवी नव्हती. काचेचा एक तुकडाही नव्हता. त्यानं पोलिसांवर संशय घेतला, मास्तर ज्याला सापडले त्या दूधवाल्यावर घेतला, इस्पितळाच्या गाडीच्या ड्रायव्हरवर घेतला. दूधवाला दुकानात पट्टा बदलायला आला तर घड्याळजी त्याच्या तोंडाचा वास घेत उभा राहिला! मलाच म्हणाला होता, "माणसं ओळखू येत नाहीत आता. सगळ्यांचीच तोंडं चोरासारखी दिसतात."

तर त्या शनिवारी तिघं जमले. मास्तर गेल्यानंतरची ही पहिलीच बैठक. आधी मोजणीदारानं आपली बाटली काढली. एका निवृत्त कप्तानाकडून मिळवली होती, त्याच्या जमिनीच्या भांडणात चार खेपा फुकट घालून.

"मध," घड्याळजी ग्लास हुंगत म्हणाला. "सुकं अंजीर. आणि मागून... जुनं कपाट उघडल्यासारखं."

"तुझ्या कपाटासारखं की तुझ्या बायकोच्या?" मोजणीदार म्हणाला.

"माझ्या कपाटाला असा वास असता तर मी कपाटातच राहिलो असतो."

हसले. बरं वाटलं सगळ्यांना. मग दातवाल्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली आणि कागद सोडला.

घड्याळजीचं हसू विरलं. तीच. त्याच कारखान्याची, अठरा वर्षांची, त्याच साली भरलेली.

"मास्तरांच्या आठवणीत म्हणून घेतली," दातवाला म्हणाला. "दातवाल्यांच्या परिषदेला गेलो होतो ना, तिथल्या दुकानात दिसली."

"खोकं कुठंय?"

"फेकलं. सामानात मावेना."

घड्याळजीनं बाटली हातात घेतली. बूच शाबूत होतं. पण त्याचा डोळा घड्याळजीचा, केसाएवढा चरा पकडणारा. खालच्या कोपऱ्यात लेबल फुगून सुकलेलं. कधीतरी भिजलेलं. जगात ही एकच बाटली थोडीच होती? आणि हा आपला वीस वर्षांचा मित्र. त्यानं स्वतःलाच झापलं, आणि ग्लास पुढं सरकवला.

त्यांची एक रीत होती. तोंडानं सांगितलं की दुसऱ्याच्या नाकात तेच शिरतं, म्हणून प्रत्येकानं गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं. तीन ओळी. वास. चव. आणि शेवट, म्हणजे घोट गिळल्यावर चव घशात किती वेळ रेंगाळते ते. चिठ्ठ्या घडी करून वाडग्यात टाकायच्या, मग घड्याळजीनं एकेक वाचायची आणि कुणाची ते ओळखायचं.

ओतली. तिघांनी वहीतलं एकेक पान फाडून घेतलं.

घड्याळजीनं ग्लास नाकाशी नेला. धूर आला, तो अपेक्षित होता. मग शेवाळ. मग पेट्रोल. त्यानं ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. पेट्रोलच. लिहावं की नाही असं झालं त्याला, पण खोटं लिहिण्याची सवय नव्हती.

चिठ्ठ्या पडल्या. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यानं पहिली उघडली. मोजणीदाराचं अक्षर. 'वास: धूर, ओलं गवत, नाला. चव: गंज. शेवट: नको वाटतो.'

"नाला?" दातवाला म्हणाला.

"मला आला तो लिहिला," मोजणीदार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

दुसरी घड्याळजीची स्वतःची. शेवाळ, पेट्रोल. वाचून झाल्यावर मोजणीदार त्याच्याकडे बघतच राहिला. तिसरी दातवाल्याची. 'वास: मध, व्हॅनिला. चव: मऊ. शेवट: गोड.'

"तुला यात मध लागला?" मोजणीदार म्हणाला. "कुठं लागला, दाखव तरी!"

दातवाला हसला. थोडं जास्तच हसला.

घड्याळजी वाडगा उचलून बाजूला ठेवायला गेला. आत काहीतरी सरकलं.

चौथी चिठ्ठी.

कागद त्याच वहीचा. पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर तिघांतल्या कुणाचंच नव्हतं. वाकडंतिकडं, माणूस आडवा पडून लिहील तसं.

घड्याळजीनं वाचली.

'वास: ओली माती, लवंगेचं तेल. ते जवळ येतं, थांबतं, लांब जातं.

चव: रक्त.

शेवट: लांब. फार लांब. पहाटे चारपर्यंत.'

मोजणीदार उसळला. "ही काय थट्टा आहे? तूच लिहिलंस हे. घर तुझं, वाडगा तुझा!"

"मी? मी का लिहीन? तूच दोन टाकल्यास."

"शपथ घे."

"तू घे आधी!"

वीस वर्षांचे दोस्त, पण एकमेकांकडे खिसेकापूकडे बघावं तसे बघत होते. मोजणीदारानं टेबलावरच्या पेन्सिली मोजल्या. तीन. घड्याळजीनं वहीची पानं मोजली. चार फाटलेली.

आणि मोजता मोजता त्याचा हात थांबला. चारची वेळ मोजणीदाराला ठाऊकच नव्हती. ती फक्त मास्तरांच्या बायकोला आणि आपल्याला ठाऊक. आणि लवंगेचं...

त्यानं मान वर केली.

दातवाला दोन्ही हात टेबलाखाली घेऊन बसला होता.

"बाटली कुठून आणलीस?"

"सांगितलं ना... दुकानातून."

"कुठल्या? पुलाखाली उतरला होतास?"

खोलीत वास वाढला होता. ग्लासातून येत नव्हता. खालून, फरशीवरून येत होता. ओलं गवत. पेट्रोल. मोजणीदारानं पाय वर घेतले. का घेतले, ते त्यालाही सांगता आलं नाही.

"साडेअकरा झाले होते," दातवाला म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "परतत होतो. मी घेतलेली होती, दोन पेग. नाल्यात दिवा दिसला. स्कूटरचा. उतरलो."

"मग?"

"पडले होते. पिशवी काठाला. बाटली धड होती."

"मेले होते? नाडी बघितलीस?"

"अरे, मी पिऊन गाडी चालवत होतो! पोलिसांना काय सांगणार होतो? माझा दवाखाना... मला वाटलं, कुणीतरी येईल. रस्ता वाहता आहे. कुणीतरी..."

"मेले होते का, विचारतोय मी."

दातवाल्यानं मान हलवली. नाही.

"हाक मारली त्यांनी," तो म्हणाला. "म्हणाले... बाटली बघ रे. फुटली नाही ना?"

मोजणीदारानं आपला ग्लास लांब सरकवला.

वास हळूहळू ओसरला. कधी गेला, ते कळलं नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी दातवाला उठला. घड्याळजी दारात आडवा उभा राहिला.

"सकाळी सातला वहिनींकडे. तू सांगायचंस. नाही आलास तर मी सांगेन."

तो मान खाली घालून गेला. मोजणीदारही गेला. घड्याळजीनं बाटली मोरीत ओतली, ग्लास धुतले, चिठ्ठ्या लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. झोप कसली लागते? त्याला वाटत होतं, हा पळणार. रात्रीतच गाव सोडणार. खिडकीत बसून तो रस्त्यावरून जाणारी एकेक गाडी बघत राहिला.

पण सात वाजता तो पोचला तर दातवाला आधीच मास्तरांच्या दारात उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. बेल वाजवलेली नव्हती.

वहिनींनी दारातच सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. फक्त एवढं विचारलं, "त्यांच्या अंगावर काही पांघरलंत का हो? पाऊस होता त्या रात्री."

वहिनींनी दार लावून घेतलं. तिथून तो स्वतःच्या पायानं पोलिसांकडे गेला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पुढं खटला झाला, शिक्षा झाली, दवाखाना विकला. आता कुठं असतो, ते मला माहीत नाही. चिठ्ठ्यांचं त्यानं कोर्टात नाव काढलं नाही, घड्याळजीनंही नाही. कोण विश्वास ठेवणार?

व्हिस्कीची बैठक मोडली ती मोडलीच. मोजणीदार आणि घड्याळजी रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलतात. ती चौथी चिठ्ठी आपण लिहिली नाही असं दोघंही सांगतात. आणि खरं सांगू? दोघांचाही एकमेकांवर अजून पूर्ण विश्वास नाही.

मीही घड्याळजीला एकदा स्पष्ट विचारलं. म्हटलं, तुला बाटलीचा संशय आधीपासून होता, दातवाल्याचा लवंगेचा वास तुम्हा सगळ्यांनाच माहीत होता, चारची वेळ तुला ठाऊक होती. माझ्यापुरतं सांग. तूच लिहिलीस ना?

तो रागावला नाही. मला वर घेऊन गेला. मधल्या खोलीत ते चौकोनी टेबल आहे. तीन बाजूंना ते तिघं बसले होते त्या रात्री. चौथ्या बाजूला, भिंतीकडे, लाकडावर एक गोल डाग होता. ग्लासच्या बुडाएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसताना त्याला तो दिसला, म्हणे. पुसला. संध्याकाळी पुन्हा. सुताराकडून टेबल तासून घेतलं, वर पॉलिश चढवलं. चौथ्या दिवशी पुन्हा.

"जुना डाग आहे," मी म्हणालो. "लाकडात मुरलाय."

"बोट लाव," तो म्हणाला.

भर उन्हाळा होता. मे महिना. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं.

मी बोट लावलं.

ओलं होतं.

ते बोट मी नाकाशी नेलं नाही.