आत तीन, बाहेर चार

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, त्यानं मला काही मिळणार नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. जन्मभर आकड्यांशी काम केलेली बाई आहे ती. चव्वेचाळीसला पंचेचाळीस म्हणणार नाही.

आणखी एक सांगते. भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी विचारतात, रात्रीचे किती वाजले होते?

रात्र नव्हती.

मंगळवार होता. सकाळचे पावणेअकरा. बाहेर लख्ख ऊन पडलेलं.

पण मावशी जिथे होती, तिथे ऊन कधीच पोचलेलं नाही.

मावशी अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग मोजायचं काम करायची. तिथली अणुभट्टी बंद होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इंधन केव्हाच काढून नेलेलं. आता इमारत खोली-खोली करून मोडायची, आणि जे मोडता येत नाही ते काँक्रीट ओतून कायमचं बंद करायचं, असं काम चालू होतं. मावशी म्हणायची, "अगं, लग्न एका दिवसात लागतं, मोडायला वर्षं जातात. तसंच आहे हे."

त्या मंगळवारी तळघरातल्या पंपखोलीची पाळी होती. काँक्रीट ओतण्याआधी दोन माणसांनी आत जायचं, ठरलेल्या नऊ जागी मोजमाप घ्यायचं, खोली रिकामी असल्याची खात्री करायची आणि नियामक संस्थेच्या साहेबांसमोर सही करायची. या साहेबांना पाठीमागे सगळे 'फुटपट्टी' म्हणत. एका पुसट शिक्क्यासाठी त्यांनी एकदा अख्खं काम आठवडाभर थांबवलं होतं.

मावशीबरोबर आत जाणार होता बारक्या.

बारक्या म्हणजे मावशीचा धाकटा दीर. उंची सहा फूट, तरी घरात नाव बारक्याच. मावशी लग्न होऊन आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि तिच्याशिवाय कुणाच्या हातून जेवायचा नाही. ही नोकरीही तिनंच लावून दिली होती. सासूबाईंचा सक्त विरोध. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी मावशीनं त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला, "मी त्याला रोज माझ्याबरोबर घरी आणीन. माझी जबाबदारी."

सहा वर्षं तिनं तो शब्द पाळला होता.

खोलीच्या बाहेर, जाड प्लास्टिकच्या पडद्यापाशी, नोंदवही घेऊन एक ताई बसायच्या. बावीस वर्षं तीच खुर्ची. कोण किती वाजता आत गेलं, कोण किती वाजता बाहेर आलं, हे त्या डोळ्यांत तेल घालून लिहायच्या.

"वहिनी, आज तरी मला पुढे जाऊ दे की," बारक्या म्हणाला.

"तू पुढे गेलास तर मला तुझी पाठ सोडून काय दिसणार? गप चल मागून."

ताई हसल्या. त्यांनी वहीत लिहिलं, दोन आत, दहा एकोणपन्नास.

आत जाताना घालायचा पोशाख म्हणजे नखशिखांत पांढरं प्लास्टिक. डोक्यावर टोप, समोर काच, आणि पाठीला जोडलेली पिवळी नळी. बाहेरून या नळीतून हवा येते. ती कानात इतकी घोंघावते की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. मानही फारशी वळत नाही. म्हणून आत बोलायची रीत वेगळी. खांद्यावर तीन थापा म्हणजे 'निघू या'. मग पुढच्यानं दाराकडे चालू लागायचं, मागच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बाहेर पडेपर्यंत कुणीच मागे वळायचं नाही. वळलं की नळ्या एकमेकींत अडकतात.

खोलीतले दिवे आधीच काढून नेले होते. टोपावरच्या बॅटरीचा उजेड पडेल तेवढंच दिसायचं. पंप गेले होते, त्यांचे चौथरे राहिले होते. पलीकडच्या कोपऱ्यात पंधरा फूट खोल खड्डा. त्याचा कठडासुद्धा मोडकामात कापून नेलेला.

पहिल्या सहा जागा झाल्या. आकडे अपेक्षेइतकेच. बारक्या मागे उभा राहून फोटो काढत होता.

सातवी जागा...

मावशीनं मोजणीचं यंत्र भिंतीजवळ धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

शून्य.

आता हे आपल्याला काही वाटणार नाही. पण मावशी सांगते, शून्य कुठेच येत नाही. तुमच्या घरात, तुमच्या उशीवर यंत्र धरलं तरी थोडा आकडा येतोच. माती, दगड, आपलं स्वतःचं शरीर, सगळ्यातून थोडं-थोडं येत असतं. आणि ही तर अणुभट्टीची खोली.

तिनं यंत्र उजवीकडे नेलं. आकडा आला.

पुन्हा डावीकडे आणलं...

शून्य.

मग तिनं ते तिथेच धरून ठेवलं. दोन सेकंदांनी आकडा परत आला. म्हणजे ती जागा शून्य नव्हती. जे काही होतं, ते तिथून सरकलं होतं.

तिनं स्वतःला दटावलं, बॅटरी गेली असेल. यंत्र बिघडलं की तडक बाहेर यायचं, हा नियमच आहे.

तेवढ्यात तिच्या डाव्या खांद्यावर थाप पडली.

एक...

दोन...

तीन.

तिला हायसं वाटलं. बारक्यानंही पाहिलं म्हणायचं. ती दाराकडे चालू लागली. खांद्यावर हात आला. जरा जडच होता. दारापासून पडद्यापर्यंतच्या अरुंद बोळात शिरल्यावर तर त्यानं खांदा घट्ट आवळला. मावशीला टोपाच्या आत हसू आलं. सहा फुटी घोडा, आणि घाबरलाय बघा कसा!

हातातल्या यंत्राकडे तिचं लक्ष गेलं. ते शून्यावर होतं. बोळ संपेपर्यंत ते शून्यावरच राहिलं.

दोघं पडद्याबाहेर आले. ताईंनी मान वर करून पाहिलं आणि लिहिलं, दोन बाहेर, अकरा बावीस. शेजारच्या टेबलाशी बसलेल्या फुटपट्टी साहेबांनीही फायलीतून डोकं काढून पाहिलं. मावशीनं नळी सोडवली, टोप काढला आणि बूट काढायला वाकली. बारक्या शेजारच्या बाकावर टेकला होता. तिला त्याची पांढरी पाठ दिसली.

बूट काढून तिनं वर पाहिलं.

बाक रिकामा.

"बारक्या कुठे गेला?"

"इथेच तर होता," ताई म्हणाल्या. "तुमच्या मागून आला ना."

काढलेले पोशाख टाकायच्या पिंपात काही नव्हतं. बाहेर जायचं दार एकच, ते ताईंच्या पाठीशी, आणि त्याला कुलूप. किल्ली ताईंच्या गळ्यात.

मावशीची नजर भिंतीकडे गेली. तिथे हवेचे दोन काटे होते, एकेका नळीचा एकेक. तिचा स्वतःचा काटा खाली पडलेला...

दुसरा हलत होता.

वर, खाली. वर, खाली. कुणीतरी श्वास घेत होतं.

"तो आतच आहे," मावशी म्हणाली.

फुटपट्टी साहेब उठून उभे राहिले. "ताई, नीट आठवा. दुसरा बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला नळी होती का?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं.

"नव्हती," त्या म्हणाल्या. "नव्हती हो नळी..."

एकट्या माणसाला आत जायची परवानगी नसते. दुसरा माणूस तयार करायचा तर दहा मिनिटं लागतात. मावशीनं तोवर बूट घालून, नळी जोडून टोप पुन्हा डोक्यावर चढवलाही होता. तिनं साहेबांकडे पाहिलं.

"जा," साहेब म्हणाले. "नियम मोडला असं मी लिहीन. पण तुम्ही जा."

एक आत, अकरा सत्तावीस.

मावशी जीव मुठीत धरून आत शिरली. डोळ्यांसमोर सासूबाईंचा चेहरा. जमिनीवर बारक्याची पिवळी नळी पडली होती. ती नळीच्या मागोमाग गेली. सातव्या जागेपर्यंत नळी सरळ होती. तिथून ती वळली होती.

दाराकडे नाही.

आत. चौथऱ्यांच्या मागे. खड्ड्याच्या कोपऱ्याकडे...

उजेडात आधी त्याची पाठ दिसली. बारक्या चालत होता. एकेक पाऊल, हळूहळू. उजवा हात समोर धरलेला, खांद्याच्या उंचीवर. बोटं वाकलेली, जणू कशावर तरी टेकलेली.

त्याच्या समोर कुणीच नव्हतं.

आणि खड्डा चार पावलांवर होता.

त्या पोशाखात पळता येत नाही. मावशीनं कसंबसं त्याला गाठलं आणि खांद्यावर तीन थापा मारल्या. तो थांबला. पण नियमाप्रमाणे मागे वळला नाही. त्यानं फक्त डावा हात उचलून समोर बोट दाखवलं. म्हणजे, निघालोच आहोत की, वहिनी पुढे आहे.

मावशी सांगते, आयुष्यात तिला इतकी भीती कधीच वाटली नाही.

तो पुन्हा पाऊल टाकायला लागला. तिनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सगळा भार टाकून खाली बसली. दोघंही आदळले. बारक्याचा एक पाय खड्ड्याच्या कडेवरून खाली लोंबकळत होता. त्यानं चवताळून मागे पाहिलं. काचेमागे मावशीचा चेहरा दिसला.

मग त्यानं समोर पाहिलं.

मग परत मावशीकडे.

त्याचं तोंड उघडलं. तो ओरडत होता. तिला हवेच्या घोंघाटात काही ऐकू येत नव्हतं, पण त्याची काच आतून धूसर झाली ते दिसत होतं.

बाहेर येताना तिनं त्याला खांद्याला हात लावू दिला नाही. हाताला धरून, तोंडासमोर तोंड ठेवून, खेकड्यासारखे आडवे चालत दोघं बाहेर आले.

दोन बाहेर, अकरा एक्केचाळीस.

बारक्याचे दात वाजत होते. त्याला बोलायला तासभर लागला. "तूच होतीस वहिनी," तो एवढंच म्हणत होता. "तू तीन थापा मारल्यास. मग पुढे झालीस. तुझाच खांदा होता. मला कळत नाही का?"

साहेबांनी वही पुढे ओढली. दोन आत. दोन बाहेर. एक आत. दोन बाहेर. त्यांनी दोन वेळा बेरीज केली. आत गेलेले तीन. बाहेर आलेले चार.

"एखादा आत राहिला असता तर मी सगळं केंद्र कामाला लावून शोधला असता," ते म्हणाले. "एक जास्तीचा बाहेर आलाय. त्याला कोणत्या नियमाखाली शोधू?"

तरी त्यांनी शोधलं. सगळ्यांना हजेरीला उभं केलं, कोपरान् कोपरा पालथा घातला. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः एका माणसाला घेऊन पंपखोलीत जाऊन आले. नऊच्या नऊ आकडे व्यवस्थित. खोली रिकामी असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. ते मावशीला म्हणाले, "ही सही खोटी नाही. खोली आता खरंच रिकामी आहे."

आठवड्याभरात काँक्रीट ओतलं गेलं.

बारक्यानं नोकरी सोडली. आता तो बस चालवतो. रांगेत उभा राहत नाही, आणि कुणी पुढे चालत असेल तर रस्ता ओलांडून पलीकडे जातो. पण जिवंत आहे, हसतो-खेळतो, रोज घरी येतो. मावशीनं सासूबाईंना दिलेला शब्द राखला असं सगळेच म्हणतात.

हे सगळं मी आधीही ऐकलं होतं. पण गेल्या महिन्यात दोन दिवस राहायला म्हणून मावशीकडे गेले होते. दुपारची वेळ. काका आणि बारक्या आतल्या खोलीत क्रिकेटवर भांडत होते. मी सहज बोलून गेले, "जाऊ दे गं, भट्टीतलं भट्टीत राहिलं."

मावशीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग आतल्या खोलीकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. साहेबांनाही नाही. मी बूट काढत होते ना, तेव्हा तो बाकावर बसला होता. पाठ करून. मला वाटलं आपला बारक्याच. मी म्हटलं, आवर लवकर, घरी जाऊ."

"मग?"

"त्यानं मान डोलावली."

आतून काका आणि बारक्याच्या हसण्याचा आवाज आला. मी मोजायला लागले, किती जण हसतायत ते... आणि मध्येच मोजणं थांबवलं.

मी राहिले नाही. पिशवी उचलली आणि पुढची बस धरून निघाले.